नावातलं काडीमाणसाचं अक्षर आणि गायब झालेलं आडनाव

रानजाई
नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहितेय. आमच्या गावच्या वाचनालयाची छोटीशी वेबसाइट मी सांभाळते, पगारी काम नाही, आवडीने करते. दर उन्हाळ्यात मुलांचा वाचन उपक्रम असतो, दहा पुस्तकं वाचून त्यावर चार ओळी लिहायच्या आणि मग प्रमाणपत्र. नोंदणी साइटवरच होते. परवा प्रमाणपत्रं छापून वाटली आणि संध्याकाळी एका मुलीच्या आईचा फोन आला, हिच्या प्रमाणपत्रावर नुसतं पहिलंच नाव आहे, आडनाव कुठे गेलं, पोरगी रडतेय. मी डेटाबेसमधे बघितलं तर तिथेही नुसतं पहिलं नाव, पुढे काहीच नाही. मुलीला विचारलं तर म्हणाली मी नावाच्या आणि आडनावाच्या मधे तो छोटा माणूस टाकला होता. छोटा माणूस म्हणजे मोबाइलवर मुली बायोमधे टाकतात ना ते काडीच्या माणसासारखं चिन्ह, गोल डोकं, हात, पाय. मला वाटलं इमोजी असेल, पण तिच्या मोबाइलवर ते काळं, साध्या अक्षरासारखंच दिसतं, रंगबिंग काही नाही, आणि माझ्या लॅपटॉपवर तर नुसता रिकामा चौकोन. इथे पेस्ट करत नाही, तुमच्यातल्या निम्म्यांना चौकोनच दिसेल.

लॉगमधे एक वॉर्निंग सापडली, नावाच्या कॉलमसाठी चुकीची स्ट्रिंग आली म्हणे, आणि चार बाइट दिलेत: एफ०, ९६, ए०, ८बी. टेबल २०११ साली कोणीतरी बनवलेलं आहे, मायएसक्यूएल, कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ८ लिहिलंय. मराठी नावं इतकी वर्षं व्यवस्थित जातायत. माझे प्रश्न दोन. हे चिन्ह नक्की आहे तरी काय? आणि असली चिन्हं फॉर्ममधेच गाळून टाकायचा सोपा उपाय कोणता?

तिरपा_काना
रानजाई, तुम्ही ते चार बाइट दिलेत हे फार बरं केलंत, त्यावरून हातानेच काढता येतं, बघा. यूटीएफ-८ मधे पहिला बाइट एफ० ने सुरू झाला म्हणजे हे अक्षर चार बाइटचं. एफ० मधले कामाचे बिट फक्त तीन, ०००. मग ९६ मधले शेवटचे सहा, ०१०११०. ए० मधले १०००००. ८बी मधले ००१०११. हे सगळे एकापुढे एक लावा आणि उजवीकडून चार-चारचे गट पाडा, प्रत्येक गटाचा एक हेक्स (सोळाच्या पटीतला) अंक करा, येतं १६८०बी. म्हणजे युनिकोडमधला, जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला, यू प्लस १६८०बी. हे इमोजी नाहीये, खरंखुरं अक्षर आहे, बामुम लिपीतलं. कॅमेरूनच्या पश्चिम भागात फुम्बान नावाचं गाव आहे, तिथल्या राज्याची ही लिपी.

आता आडनाव का गेलं ते. मायएसक्यूएलमधलं जुनं जे ‘यूटीएफ८’ आहे ते एका अक्षराला जास्तीत जास्त तीनच बाइट देतं. देवनागरी तीन बाइटात बसते, आपला क म्हणजे ई० ए४ ९५, त्यामुळे तुमची मराठी नावं इतकी वर्षं बिनबोभाट गेली आणि कुणाला शंकाही आली नाही. चार बाइटचं अक्षर आलं की स्ट्रिक्ट मोड चालू असेल तर एररच येतो आणि बंद असेल तर त्या अक्षरापासून पुढचं सगळं कापून उरलेलं सेव्ह होतं, नुसती वॉर्निंग देऊन. तुमच्याकडे हे दुसरं झालंय. म्हणजे त्या अक्षराने काही बिघडवलं नाही, ते बिचारं बरोबरच होतं, टेबल अपुरं होतं. इमोजी टाकला असता तरी हेच झालं असतं.

उपाय म्हणजे यूटीएफ८एमबी४, तो एका अक्षराला चार बाइटही देतो. तो २०१० पासून आहे आणि मायएसक्यूएल ८ मधे तर तोच डिफॉल्ट आहे. आधी बॅकअप घ्या, खरंच घ्या, मग टेबल कन्व्हर्ट करा, आणि तुमचा प्रोग्रॅम डेटाबेसला जोडताना कनेक्शनचा कॅरेक्टर सेट पण एमबी४ द्या, नाहीतर टेबल सुधारलं तरी वाटेतच अक्षर मरतं. आणि जे आडनाव कापलं गेलंय ते कन्व्हर्ट केल्याने परत येणार नाही, ते हातानेच भरावं लागेल. वॉर्निंग लॉगमधे अजून कुठल्या नावांना हे झालंय ते शोधा, ही एकटीच असेल असं मला वाटत नाही.

आणि गाळण्याबद्दल, गाळू नका असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यावर इतर लोकही बोलतीलच.

सरळवाट
मी गाळा म्हणेन. काना यांचं तांत्रिक सगळं बरोबर आहे, पण हा गावच्या वाचनालयाचा फॉर्म आहे, यात नाव म्हणजे देवनागरी किंवा रोमन, संपलं. उद्या कोणी अर्धा पानभर नक्षी टाकली की प्रमाणपत्राची वाट लागणार. आम्ही ऑफिसात नावाच्या रकान्यात फक्त अक्षरं चालतील असा नियम लावलाय, कुठल्याही लिपीचं अक्षर चालेल पण चिन्ह चालणार नाही, इमोजी आपोआप बाहेर राहतात. रानजाई यांनीही तेच करावं, एका ओळीचं काम आहे.

तिरपा_काना
सरळवाट, तुमच्या नियमातूनही हा काडीमाणूस आत येणार. युनिकोडमधे प्रत्येक कॅरेक्टरला एक वर्ग दिलेला असतो. इमोजींचा वर्ग ‘इतर चिन्ह’, म्हणून ते तुमच्याकडे अडतात. पण १६८०बी चा वर्ग आहे ‘इतर अक्षर’, एल आणि छोटा ओ, आणि आपल्या क ख ग चा वर्ग पण अगदी हाच. कॉम्प्युटरच्या लेखी तो माणूस आणि आपला क यांच्यात काही फरक नाही, दोन्ही अक्षरंच. आणि ते योग्यच आहे.

अजून एक सांगतो, तुमचा नियम नुसता ‘अक्षर’ एवढाच असेल तर मराठी नावंच अडतील, कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे वेगळ्या वर्गात येतात, ‘मार्क’ मधे. ‘सुनीता’ मधला स चालेल आणि उकार अडेल. म्हणून अक्षर आणि मार्क दोन्हींना परवानगी द्यावी लागते. तुमच्याकडे चालतंय म्हणजे कोणीतरी आधीच ते केलं असेल.

फुलवात
मला तांत्रिक भागात गती नाही, पण फुम्बानचं नाव वाचलं आणि थांबले. आफ्रिकेच्या इतिहासावर बरंच वाचते म्हणून लिहितेय, कारण ज्या अक्षरावर चर्चा चाललीय ते कुठून आलं हे माहीत असलं तर गाळा की ठेवा याकडे बघायची नजर बदलते असं मला मनापासून वाटतं.

बामुमचा राजा इब्राहिम न्जोया. साधारण १८९६ च्या सुमाराला, म्हणजे जर्मन लोक अजून फुम्बानला पोचलेही नव्हते (ते आले १९०२ ला), त्याला एक स्वप्न पडलं असं सांगतात. स्वप्नात एकाने सांगितलं, लाकडी पाटीवर माणसाचा हात काढ, मग तो पाण्याने धू आणि ते पाणी पी. सकाळी त्याने तसं केलं. मग दरबारातल्या लोकांना बोलावून सांगितलं की ज्याला जी वस्तू, जी क्रिया सुचेल तिचं चित्र काढून आणा. त्यातून निवडून साडेचारशेच्या वर चिन्हं झाली. ही पहिली पायरी, तिला लेवा म्हणतात, म्हणजे पुस्तक. तुमचा काडीमाणूस या पहिल्या पायरीचा आहे, युनिकोडच्या तक्त्यात पहिल्या पायरीला ‘फेज ए’ म्हटलंय.

पण राजा तिथे थांबला नाही, आणि मला या गोष्टीत सगळ्यात हेच भिडतं. इतकी चिन्हं लक्षात ठेवणं लोकांना जड जातंय हे त्याने बघितलं आणि पुन्हा पुन्हा लिपी सुधारली, चिन्हं कमी केली, चित्रांची अक्षरं झाली, अक्षरांचे उच्चार झाले. १९१० पर्यंत सहावी पायरी आली, तिचं नाव ‘आ का उ कु’, पहिल्या चार अक्षरांवरून, जसं आपण अआइई म्हणतो किंवा बाराखडीला क का कि की म्हणतो तसं. फक्त ८० अक्षरं, आणि त्यातली शेवटची दहा आकड्यांचंही काम करतात. एका माणसाच्या हयातीत, चौदा-पंधरा वर्षांत, चित्रलिपीपासून उच्चारलिपीपर्यंतचा सगळा प्रवास. जो जगात इतर ठिकाणी व्हायला शतकंच्या शतकं लागली.

या लिपीत त्याने राज्याचा इतिहास लिहवून घेतला, औषधांची माहिती, न्यायनिवाडे, जन्म-लग्नाच्या नोंदी, नकाशे. शाळा काढल्या. छापखान्यासाठी तांब्याचे टाइप पाडून घेतले, पण छपाई काही रुळली नाही. मग पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच आले, त्यांना हा राजा आणि ही लिपी दोन्ही नको होतं, शाळा बंद झाल्या, १९३१ ला त्याला याउंदेला हद्दपार केलं आणि तिथेच १९३३ ला तो गेला. लिपी वाचणारे हळूहळू थोडकेच उरले. फुम्बानच्या राजवाड्यात आणि लोकांच्या घरांत हजारो कागद पडून होते, गेल्या काही वर्षांत राजवाड्यातच एक प्रकल्प उभा राहिला, कागद जपायचे, फोटो काढायचे आणि नव्या मुलांना लिपी शिकवायची.

म्हणून सरळवाट यांना नम्रपणे सांगते, नक्षी म्हणू नका त्याला.

सरळवाट
फुलवातताई, हे मला खरंच माहीत नव्हतं. नक्षी हा शब्द मागे घेतो. फॉर्मचं म्हणणं मात्र अजून थोडं शिल्लक आहे, लांबीची मर्यादा तरी असावी.

मोडीवाचक
उशिरा आलो पण या विषयावर न बोलता राहवत नाही. मी मोडी कागद वाचायचं काम करतो, बहुतेक जमिनीचे आणि घराण्यांचे. तिरपा काना यांनी जो चार बाइटचा मुद्दा मांडला तो फक्त आफ्रिकेपुरता नाही, तो आपल्या घरातला आहे. मोडी युनिकोडमधे आली २०१४ ला, आवृत्ती ७ मधे, ११६०० पासून ११६५एफ पर्यंतची जागा मिळाली. म्हणजे मोडीही त्याच चार बाइटवाल्या वरच्या मजल्यावर, बामुमच्या जुन्या पायऱ्यांसारखीच, आणि मोडीचं प्रत्येक अक्षर चार बाइटचं. उद्या एखाद्या मुलाने हौसेने नाव मोडीत टाइप केलं तर वाचनालयाच्या त्या टेबलात त्याचं पहिलं अक्षरही जाणार नाही, अख्खं नावच रिकामं. महाराष्ट्रातल्या वाचनालयात! तेव्हा चार बाइटचं सगळं गाळायचं ठरवलं तर आधी मोडी गाळली जाईल हे लक्षात घ्या.

बामुमचं एक गमतीचं आहे. सध्या जी पायरी शिकवतात, आ का उ कु, ती युनिकोडमधे आधी आली, २००९ ला, आवृत्ती ५.२ मधे, ८८ कॅरेक्टर्स, आणि ती खालच्या मजल्यावर आहे, ए६ए० पासून, म्हणजे तीन बाइटात बसते. जुन्या पायऱ्यांची ५६९ अक्षरं पुढच्याच वर्षी आवृत्ती ६ मधे आली, १६८०० पासून. म्हणजे त्या मुलीने जर नव्या पायरीतलं अक्षर घेतलं असतं तर तुमचं जुनं टेबल ते गपगुमान ठेवून घेतलं असतं आणि आडनावही वाचलं असतं. पोरीने नेमकं जुनं उचललं.

आणि त्या ८८ मधे दोन जोडचिन्हं आहेत, अक्षराच्या डोक्यावर बसणारी. त्यातलं एक, तुक्वेंतिस, बहुतेक ठिकाणी अक्षरातला स्वर काढून नुसतं व्यंजन ठेवतं. मी हे वाचलं तेव्हा उठून बसलो, अहो हा तर आपला पाय मोडणं! फक्त त्यांनी पाय न मोडता डोक्यावर खूण केली. कुठे फुम्बान आणि कुठे आपण, कोणी कोणाचं बघितलेलं नाही, आणि अडचण एकच आली म्हणून उपायही तोच सुचला.

आता एक धोक्याची सूचना, ही मी स्वतः ठेच खाऊन शिकलोय. एमबी४ केलं म्हणजे झालं असं नाही, कोलेशन (कुठली अक्षरं सारखी धरायची, कशा क्रमाने लावायची याचे नियम) पण बघा. ‘जनरल सीआय’ नावाचं जे कोलेशन बरेच लोक डोळे झाकून ठेवतात, ते वरच्या मजल्यावरची सगळी अक्षरं एकसारखीच मानतं. सगळी. मी मोडी शब्दांची यादी टाकली होती, क शोधला तर ख ची, ग ची, म ची सगळ्यांची भरती. युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा येऊ न देणारा) लावला तर म्हणे हा शब्द आधीच आहे, शब्द पूर्ण वेगळा, नुसती अक्षरसंख्या सारखी. दोन दिवस मी माझ्याच टायपिंगला दोष देत होतो. ०९०० वालं नवं कोलेशन घ्या, नाहीतर बायनरी ठेवा.

कडबोळं
त्या अक्षराच्या नावाची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून! युनिकोडमधे प्रत्येक कॅरेक्टरला इंग्रजीत अधिकृत नाव असतं. १६८०बी च्या नावातच चूक राहिलीय. हवं होतं ‘माएमग्बिए’, छापलं गेलं ‘माएमबग्बिए’, मधे एक बी जास्तीचा. आणि एकदा नाव लागलं की ते कधीच बदलायचं नाही असा युनिकोडचा कडक नियम आहे, कारण जगभरचे प्रोग्रॅम त्या नावांवर विसंबून असतात. म्हणून चुकीचं नाव तसंच ठेवून शेजारी एक अधिकृत उपनाम देतात, ‘दुरुस्ती’ असा शिक्का मारून. बामुममधल्या अजून काही अक्षरांनाही असंच करावं लागलंय. हे फक्त दूरच्या लिपींचंच होतं असं नाही, इंग्रजी ‘ब्रॅकेट’ हा शब्दसुद्धा एका कॅरेक्टरच्या नावात ‘ब्राकसेट’ सारखा उलटसुलट झालाय आणि कायमचा तसाच राहणार आहे. कन्नडच्या एका अक्षराचं नाव ‘फा’ पडलंय, प्रत्यक्षात तो जुना ळ-सारखा उच्चार आहे.

त्यातला ‘ग्ब’ म्हणजे ग आणि ब एकदम म्हणायचे, ओठ मिटलेले आणि घसा अडलेला, दोन्ही एकाच वेळी सोडायचं. जमतं थोड्या प्रयत्नाने.

आणि हो, बायोमधे जो गोल गोल भोवऱ्यासारखा सर्पिल टाकतात तो पण बामुमच आहे, १६९बी९. रोज लाखो लोक या लिपीतली अक्षरं टाइप करतायत आणि कोणालाच माहीत नाही. मला तरी याचं वाईट वाटतं, तीच मुलं हे कळलं तर किती खूश होतील.

रानजाई
बापरे, मी दोन दिवस इथे आले नाही आणि केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी. गाळायचा विचार मी सोडला. मोडीचा मुद्दा वाचल्यावर तर विषयच संपला माझ्यापुरता.

काल रात्री बॅकअप घेऊन बसले. सभासदांचं टेबल कन्व्हर्ट करताना अडकलं, इंडेक्सची ‘की’ जास्त लांब आहे, कमाल ७६७ बाइट असा एरर. ईमेलच्या कॉलमवर आलंय ते. काय करू? आणि सर्वर जुना आहे, ८ नाहीये, मग ०९०० वालं कोलेशन मिळेल का?

तिरपा_काना
ईमेलचा कॉलम २५५ अक्षरांचा असणार आणि त्यावर युनिक इंडेक्स. आधी २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, ७६७ च्या आत बसत होतं. आता गुणिले ४ म्हणजे १०२०, बसत नाही. ७६७ भागिले ४ केलं की १९१ येतात, म्हणून जिथे तिथे लोकांचे कॉलम १९१ चे दिसतात, तो आकडा इथून आलाय. ईमेलला १९१ पुरतात, पण आधी सगळ्यात लांब ईमेल किती अक्षरांचा आहे ते क्वेरी मारून बघा, मगच कमी करा. ०९०० वालं ८ पासूनच आहे, तुमच्याकडे नसेल, तोवर नावाच्या कॉलमला बायनरी ठेवा, शेकड्यातली नावं आहेत, चालून जाईल.

अजून दोन गोष्टी. कन्व्हर्ट झाल्यावर जुनी मराठी नावं उघडून बघा, जर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ए ची रांग दिसली तर मूळ डेटा चुकीच्या कॅरेक्टर सेटखाली साठवलेला होता, मग थांबा आणि इथे या, पुढे काही करू नका. आणि सरळवाट यांच्या लांबीच्या मर्यादेबद्दल, ती जरूर ठेवा, पण जावास्क्रिप्टमधे या अक्षराची लांबी २ मोजली जाते, कारण आत ते दोन तुकड्यांत असतं, डी८१ए आणि डीसी०बी. मर्यादेवर नाव कापलं आणि कात्री नेमकी दोन तुकड्यांच्या मधे लागली तर प्रश्नचिन्हवाला काळा हिरा दिसेल. कापायचंच असेल तर आधी पूर्ण अक्षरं वेगळी करून मग मोजा.

रानजाई
झालं! सगळ्यात लांब ईमेल ४३ अक्षरांचा निघाला. मराठी नावं सगळी जशीच्या तशी आहेत. लॉग चाळला तर काना म्हणाले तसंच, अजून चार मुलांची नावं कापलेली सापडली, त्यात तिघांनी इमोजी टाकले होते आणि एकाने तो भोवरा. पाचही जणांची आडनावं वाचनालयाच्या वहीतून बघून भरली.

एकच राहिलंय, प्रमाणपत्राच्या पीडीएफमधे अजून चौकोनच येतोय.

कडबोळं
ब्राउझर एका फॉन्टमधे अक्षर नसलं की आपणहून दुसऱ्यात शोधतो, पीडीएफ बनवणारी बरीच सॉफ्टवेअरं तसं करत नाहीत, तुम्ही दिलेल्या मराठी फॉन्टमधे नसलं की चौकोन. नोटो सान्स बामुम नावाचा फुकट फॉन्ट आहे, त्यात दोन्ही मजल्यांवरची अक्षरं आहेत. तो पीडीएफमधे एम्बेड करा आणि १६८०० ते १६ए३एफ आणि ए६ए० ते ए६एफएफ एवढ्या पट्ट्यासाठी तोच वापर असं सांगा. मोडीसाठीही नोटोचा फॉन्ट मिळतो, आताच घालून ठेवा.

रानजाई
जमलं. आज दुपारी त्या मुलीला वाचनालयात बोलावून नवीन प्रमाणपत्र दिलं, नाव, मधे तो माणूस, मग आडनाव, सगळं एका ओळीत. फुलवातताई, तुम्ही लिहिलेली राजाची गोष्ट तिला सांगितली, पाटीवर हात काढून पाणी प्यायल्याची पण. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी अर्धा तास ‘ग्ब’ म्हणायचा प्रयत्न करत होत्या. आता त्यांना त्या लिपीत आकडे लिहायचेत. आ का उ कु ची शेवटची दहा अक्षरं आकडे म्हणून वापरतात म्हणालात ना, त्यात शून्य आहे का?

मोडीवाचक
आहे. त्या दहातलं शेवटचं, ए६ईएफ. त्याचं मूळ दहा होतं, पुढे दशमान पद्धत आली तेव्हा तेच शून्याच्या जागी बसलं. एक आहे ए६ई६ ला, तिथून क्रमाने नऊ ए६ईई पर्यंत. मुलींना मोठं प्रिंट काढून द्या, अक्षरांची वळणं पडद्यावर नीट कळत नाहीत.